लेकीने बाळकृष्ण पाण्यात ठेवलाय, काढू देत नाहीये. काय करावं?

परत_इंदूरला | २८ ऑगस्ट २०२४, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे. माहेर सासर दोन्ही इथलंच. नवऱ्याची नोकरी बांगलादेशात, गाजीपूरला कपड्यांच्या फॅक्टरीत, म्हणून तीन वर्षं आम्ही ढाक्याला उत्तरा एरियात राहत होतो. लेक आठ वर्षांची आहे, घरी चिमी म्हणतो. जुलैत तिथे काय झालं ते टीव्हीवर बघितलंच असेल तुम्ही. नोकऱ्यांच्या आरक्षणावरून कॉलेजच्या मुलांचं आंदोलन चालू होतं, १६ जुलैपासून मुलं मरायला लागली, १८ ला रात्री इंटरनेट बंद, मग कर्फ्यू. उत्तरात १८ लाच खूप गोळीबार झाला. खिडक्यांना ओल्या चादरी लावून (अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे घरातल्या घरात) आम्ही मधल्या पॅसेजमध्ये गाद्या टाकून झोपत होतो, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं आणि ही विचारायची की त्याला आपण दिसतो का. वरच्या मजल्यावरच्या आपा संध्याकाळी सगळ्या मुलांना जिन्यात गोळा करायच्या, बाहेर आवाज सुरू झाला की त्यांच्याकडून दुआ म्हणवून घ्यायच्या, हिचं शुभंकरोतीही तिथेच जिन्यात व्हायचं. २४ ला कसंबसं कोलकात्याचं तिकीट मिळालं, तिथून इंदूर. नवरा तिथेच थांबला, फॅक्टरी टाकून सगळ्यांना निघता येत नव्हतं.

आता खरी गोष्ट. ४ ऑगस्टला दिव्यांची अवस होती. सासूबाईंनी समया, निरांजनं सगळी बाहेर काढून घासायला घेतलेली. त्याच दिवशी तिकडे परत पेटलं, एका दिवसात नव्वदच्या आसपास माणसं गेली आणि मोबाईल नेट पुन्हा बंद. ह्यांचा फोन लागेना. सासूबाई त्यांच्या बहिणीला फोनवर म्हणाल्या, काय सांगू बाई, देव पाण्यात घालून बसलेय मी. आपण म्हणतो तसं. हिने ते ऐकलं.

रात्री दिवे परत देवघरात मांडताना बघतो तर बाळकृष्ण नाही. सासूबाईंच्या माहेरून लग्नात अन्नपूर्णेबरोबर आलेला, पितळेचा, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा. शोधशोध शोधला. हिच्या पलंगाखाली स्टीलच्या वाटीत, नाकाच्या वरपर्यंत पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पंतप्रधान बाई राजीनामा देऊन देश सोडून गेल्या, नेट आलं, संध्याकाळी ह्यांचा व्हिडिओ कॉल आला, सुखरूप. आम्ही दोघी रडलो. ही रडली नाही, वाटीत नवीन पाणी घालून आली.

तेव्हापासून २४ दिवस झाले. रोज सकाळी पाणी बदलते, रात्री दोनदा उठून बघते आहे का ते. कुणी हात लावला तर किंचाळते. आम्हाला वाटलं हौस आहे, उतरेल. परवा अष्टमीला पाळण्यात घालायला बाळकृष्ण नाही, सासूबाईंनी सुपारी ठेवून जन्म केला, काही बोलल्या नाहीत पण चेहरा उतरला होता. आता ७ ला गणपती. त्या म्हणतायत घरचा देव पाण्यात कोंडून ठेवून मी गणपती बसवणार नाही. हे दिवाळीच्या आधी येऊ शकत नाहीत. ही म्हणते पप्पा घरी आले की काढीन.

गुपचूप काढून तसाच दुसरा ठेवू का? सराफ्यात मिळेल हुबेहूब. की राहू देऊ? नवरा म्हणतो राहू दे, भाऊ म्हणतो डॉक्टरला दाखव. अजून एक, झोपताना ती शुभंकरोती म्हणते आणि लगेच जिन्यातली दुआपण म्हणते, सासूबाई आधी दचकल्या, आता ऐकून घेतात. त्याचं काही करायला हवं का तेही सांगा.

—

मालू_आत्या | २९ ऑगस्ट, सकाळी ६.१५

गुपचूप बदलाबदली अजिबात करू नकोस ग. पोरीला कळणार म्हणजे कळणारच, त्या बाळकृष्णाच्या कुठल्या पायाला पोचा आहे ते तिला तुझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. मग तिचा देवावरचा विश्वास पण जाईल आणि तुझ्यावरचा पण.

आमच्याकडे खरंच देव पाण्यात ठेवायचे, पण सगळा वेळ नाही. गाऱ्हाणं घालायचं, देव ताम्हनात ठेवायचा, पाणी घालायचं आणि काम झालं की काढून पंचामृताने न्हाऊ घालून गोड नैवेद्य. काम लांबलं तर मूळ देव काढून त्याच्या जागी सुपारी ठेवायची आमची आजी, म्हणायची सुपारीला सर्दी होत नाही. ते सांगून बघ, चाललं तर चाललं.

नाहीतर खजराण्याच्या गणपतीला घेऊन जा एकदा. मागच्या भिंतीवर उलटा साथिया (स्वस्तिक) काढायचा, काम झालं की सुलटा काढायला जायचं. म्हणजे नवस देवळात राहील, घरात नाही. मोकळी होईल जरा.

—

तर्कट_सदाशिव | २९ ऑगस्ट, सकाळी ९.०२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आठ वर्षांच्या मुलीला सुपारी नाहीतर उलटा स्वस्तिक, म्हणजे एक अंधश्रद्धा काढून दुसरी द्यायची. भांड्यात मूर्ती बुडवून सरकारं पडत नाहीत हे तिला समजावून सांगा. आत्ता नाही सांगितलं तर जन्मभर प्रत्येक संकटात वाटी शोधेल.

—

परत_इंदूरला | २९ ऑगस्ट, सकाळी ९.३०

@तर्कट राग नाही. पण तुम्हीच सांगा कसं समजावू. तिने रविवारी रात्री देव पाण्यात ठेवला आणि सोमवारी दुपारी सरकार पडलं, पप्पांचा फोन आला. तिच्याकडे पुरावा आहे, माझ्याकडे काय आहे?

—

तर्कट_सदाशिव | २९ ऑगस्ट, सकाळी ९.४१

हम्म. हे अवघड आहे खरं.

—

जुना_रामबागी | २९ ऑगस्ट, दुपारी २.२०

सून कुणाच्या घरची माहीत नाही पण इंदूरची आहेस म्हणजे घरचीच, म्हणून हे लिहितो. एरवी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही अर्धंच माहिती आहे.

१९७५ ला मी नऊ वर्षांचा होतो, रामबागेत राहायचो. आणीबाणी लागली २५ जूनच्या रात्री, आणि जुलैत एका पहाटे वडिलांना घेऊन गेले. मिसा, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवायचा कायदा. आता लोक मिसाबंदी म्हटलं की संघाचेच धरतात पण आमचे वडील समाजवादी, घरात देवघर आईचं, ते त्यात कधी डोकावायचे नाहीत, नमस्कार करायचा झाला तर माणसाला करा म्हणायचे. पोलीस आले तेही ओळखीचेच होते, वडिलांनी चहा विचारला त्यांना, एक जण पिऊनसुद्धा गेला. मला वाटलं संध्याकाळपर्यंत येतील.

ना चौकशी, ना खटला, ना तारीख. मोठ्या माणसांना निदान शिव्या द्यायला दिल्ली होती. मला काय होतं? आजोबा पेपर पुढून मागून चाळायचे, त्यात काहीच नसायचं, सेन्सॉर. मोठी माणसं आमच्यासमोर बोलायची बंद झाली, आम्ही खोलीत गेलो की विषय बदलून भाजीवर यायचा. शेजारच्या दोन घरांनी येणं सोडलं. शाळेत एका मुलाने विचारलं तुझ्या बापाने काय चोरलं.

तर मी मारुतीला धरलं. गल्लीच्या तोंडाशी होता लहानसा, शेंदूर थापून थापून नाक डोळे बुजलेला. शनिवारी रुईच्या पानांची माळ, तेल, आणि रोज मारुतीस्तोत्र अकरा वेळा. मग एकवीस. एखादा शब्द चुकला की पहिल्यापासून. हे सगळं चोरून, कारण वडिलांना कळलं तर आवडणार नाही हीपण भीती. म्हणजे बघा, ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्यापासूनच लपवायचं. जेलमधून त्यांची पत्रं यायची सेन्सॉरचा शिक्का मारलेली, त्यात शेवटी असायचं गणिताकडे लक्ष दे.

आता मुद्दा. सगळ्यांना वाटायचं पोरगं किती भाविक, आजी कौतुक करायची. कारण कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांना नेलं त्याच्या आदल्या शनिवारी आईने मारुतीला द्यायला नारळ दिला होता, तो मी वाटेत मित्राबरोबर फोडून खाल्ला आणि घरी येऊन सांगितलं वाहिला. बस. एवढंच. नऊ वर्षांच्या डोक्यात इंदिरा गांधी आणि अलाहाबाद हायकोर्ट कुठून असणार, माझ्या डोक्यात तो नारळ होता. वडील आत आहेत ते माझ्यामुळे. एकोणीस महिने मी ती स्तोत्रं आनंदाने म्हणत नव्हतो हो, मी हप्ते फेडत होतो.

तरी एक सांगतो, आधार पण तोच होता. त्या घरात माझ्या हातात असलेली ती एकच गोष्ट होती. बाकी सगळं मोठ्यांच्या हातात होतं आणि मोठ्यांच्या पण हातात काही नव्हतं.

७७ च्या मार्चमध्ये सुटले. मी पहिल्यांदा मारुतीकडे पळालो आणि मग त्यांच्याकडे, म्हणून आई रागावली. नारळाचं त्यांना सांगितलं मी माझ्या लग्नाच्या वेळी. हसले नाहीत. म्हणाले, अरे मला विचारायचं सुचलं नाही. मी तुला गणिताचंच विचारत बसलो.

म्हणून सांगतो बेटा, ती वाटी नंतर बघ. आधी लेकीला विचार की ती काढली तर काय होईल असं तिला वाटतं. आणि तिने स्वतः काही केलं म्हणून हे सगळं झालं असं वाटतं का. सरळ विचारलंस तर सांगायची नाही, मी नसतं सांगितलं. भाजी निवडताना बिवडताना विचार.

—

कर्फ्यूवाली_स्नेहा | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४८

काका तुमचं वाचून जेवण गार झालं माझं.

मी ८४ ची इंदूरचीच. इंदिराजी गेल्या ३१ ऑक्टोबरला, दिवाळी नुकतीच झालेली, डब्यात चकल्या अजून होत्या. मी सात वर्षांची. आमच्या वाड्यात मागच्या खोल्यांत एक सरदारजींचं कुटुंब भाड्याने होतं, त्यांची मुलगी माझ्या वर्गात. त्या रात्री ते पाचही जण आमच्या आतल्या खोलीत. खिडकीतून आकाश लाल दिसत होतं, राजवाडा जळतोय असं बाबा हळू बोलले आणि मला वाटलं की राजवाडाच जळतो म्हणजे आता काहीच राहणार नाही, कारण माझ्या डोक्यात राजवाडा म्हणजेच इंदूर.

आई आम्हा दोघींना देवघरासमोर बसवून म्हणाली रामरक्षा म्हणा. मी म्हणत होते, मैत्रीण तिचं वाहेगुरू वाहेगुरू करत होती, दोघींचा ताल जुळत नव्हता म्हणून मी तिच्यावर चिडले (हे आठवलं की अजून लाज वाटते), मग तिच्या आजीने मधे बसून दोघींचे हात धरले आणि आवाज न करता ओठातल्या ओठात म्हणायला लावलं. खरं कारण वेगळं होतं, बाहेर ऐकू जाऊ नये. मला ते चाळीशी ओलांडल्यावर लक्षात आलं. तेव्हा वाटलं होतं देवाला हळू बोललेलंच आवडतं, अजूनही मी मोठ्याने आरती म्हणू शकत नाही.

तुळशीचं लग्न तसंच धास्तीत केलं, मंगलाष्टकं कुजबुजत. आणि त्रिपुरी पौर्णिमेलाच गुरुनानक जयंती असते हे मला त्या वर्षी कळलं, कारण एकाच ताटात दोघींनी दिवे लावले.

दुआबद्दल विचारलंत म्हणून हे सगळं सांगितलं. तिचं तिला ठरवू दे. ती आपांची आठवण काढतेय तेवढंच.

—

खरं_बोलतो_७ | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

दुआबिआ लगेच बंद करा. तिकडे आपल्या लोकांची काय हालत आहे बातम्या बघा आणि इथे

[संपादक: पुढचं काढलं आहे. एका मुलीबद्दलचा धागा आहे, तेवढंच बोला.]

—

शाळेतली_ताई | २९ ऑगस्ट, रात्री १०.०५

मी इंदूरच्याच एका शाळेत समुपदेशक आहे. मूल न बघता निदान करायचं नसतं त्यामुळे हे ढोबळ समजा.

रामबागी काकांनी जे लिहिलंय ते आमच्या पुस्तकांत रुक्ष भाषेत असतं. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना आपल्या वागण्याने, नुसत्या मनात आलेल्या गोष्टीनेसुद्धा जग हलतं असं वाटतं. चांगल्या दिवसांत ते गोड दिसतं. वाईट दिवसांत त्याचा पार दगड होतो, कारण मग वाईट झालेलंपण आपल्यामुळेच. आणि मोठे जितके गप्प, तितकं मूल रिकाम्या जागा स्वतःच्या चुकांनी भरतं.

दुसरं, दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड बाईंनी तिथे मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांना असं दिसलं की आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेली मुलं बरीच सावरलेली होती, आणि सुरक्षित म्हणून गावाकडे पाठवलेली, पण आईबापांपासून तुटलेली मुलं जास्त बिथरली. तुम्ही लेकीला सुरक्षित आणलंत, शंभर टक्के बरोबर केलंत. पण ती गोळीबारातून आली तशी पप्पांपासूनपण आली, आणि तिच्यासाठी दुसरं जास्त मोठं असू शकतं.

@तर्कट, देवाचा आधार घेतला की मूल दुबळं होतं असं काही नाही. १९६० मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या पहिल्या मुलींपैकी होती, रोज सरकारी मार्शल बरोबर, आणि दारात मोठी माणसं उभी राहून तिला शिव्या द्यायची. रॉबर्ट कोल्स म्हणून मानसोपचारतज्ज्ञ तिला भेटायचे. एक दिवस ती त्या गर्दीसमोर थांबून ओठ हलवताना तिच्या शाळेतल्या बाईंना दिसली, त्यांना वाटलं गर्दीशी बोलली. ती म्हणाली मी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते. कोल्स बुचकळ्यात पडले, कारण त्यांना तिच्यात आजार शोधायचा होता. मला वाटतं की आपणही आधी तेच करतो.

प्रार्थना कशी चाललीय ते बघा. म्हणून झाल्यावर मूल सैल पडतं, झोपतं, तर ठीक. आकडे वाढत चालले, एक शब्द चुकला की पहिल्यापासून, रात्री उठून तपासणं, तर ती प्रार्थना राहिली नाही, पहारा झाला. तुमच्याकडे थोडा पहारा आहे. म्हणून सध्या एवढंच करा, बातम्या तिच्या समोर बंद. पप्पांचा कॉल रोज ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं का होईना, आणि लागणार नसेल तर आधी सांगून. आणि तिकडे सगळं छान आहे असं खोटं सांगू नका, तिने उत्तरा बघितलंय, तुम्ही खोटं बोललात की तिला पहारा वाढवावा लागेल. वाटी तिच्या हातानेच निघू दे. महिनाभरात कमी झालं नाही, झोप जेवण बिघडलं, तर प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा. टेली मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ आहे, फुकट आहे, आधी तिथे बोललात तरी चालेल.

दुआ असू दे. तिच्यासाठी ती जिन्याची आठवण आहे आणि त्या जिन्यात ती वाचली.

—

परत_इंदूरला | ३० ऑगस्ट, रात्री ११.१५

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. हात थरथरतायत अजून.

रामबागी काका, आज संध्याकाळी गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो दोघी. मी सहज म्हणल्यासारखं म्हणलं की चिमे, बाळकृष्णाला बाहेर काढलं तर काय होईल ग. बराच वेळ काही नाही. मग म्हणते, काढलं तर पप्पांना लागेल. मी म्हणलं बरं, मग राहू दे आतच. तर एकदम रडायला लागली, अशी रडली की सासूबाई पोळ्या टाकून आल्या. म्हणते, पण आत ठेवलं म्हणून पूर आला ना.

मला कळेचना. मग एकदम डोक्यात उजेड पडला. २१ तारखेपासून टीव्हीवर फेनी, कुमिल्ला, नोआखाली, सगळीकडे छपरापर्यंत पाणी, माणसं केळीच्या तराफ्यावर. भिया (भाऊ) लोकांनी बातम्या लावलेल्या असतात आमच्याकडे दिवसभर, बघतं कोण, नुसत्या चालू असतात. तिने बघितलं की बांगलादेश पाण्यात गेला. आणि पाण्यात कुणी ठेवलं तर हिने. तिच्या तिकडच्या वर्गातल्या मैत्रिणीचं आजोळ फेनीचं आहे, म्हणजे मैत्रिणीच्या आजीला हिने बुडवलं. काढावं तर पप्पा, ठेवावं तर पूर. दहा दिवस माझी आठ वर्षांची पोरगी हे डोक्यात घेऊन शाळेत जात होती, डबा खात होती, घरी येऊन मला सांगत होती की आज स्पेलिंगमध्ये दहापैकी नऊ.

रात्री दोनदा उठून काय बघते ते आज कळलं. मला वाटायचं देव आहे का ते बघते. ती पाणी मोजायची. एक बोट पाणी कमी करून ठेवायची, म्हणजे पूर कमी होईल आणि पप्पांनापण चालेल. २१ पासून वाटीतलं पाणी कमी दिसायचं आणि आम्ही समजत होतो मांजर पितंय.

मी काय बोलले आठवत नाही. सासूबाईच बोलल्या. पिठाच्या हाताने तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, हे बघ, पाण्यात घालून बसलेय असं मीच म्हणलं होतं ना, तर ते माझं होतं, तू उगाच माझं काम अंगावर घेतलंस. आता माझं मला परत दे.

ती म्हणाली उद्या सांगते.

—

जुना_रामबागी | ३१ ऑगस्ट, सकाळी ७.००

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

—

तर्कट_सदाशिव | ३१ ऑगस्ट, सकाळी ८.२६

काल रात्री वाचलं, लिहायला काही सुचलं नाही. पूर वरच्या बाजूला त्रिपुरात पडलेल्या प्रचंड पावसाने आणि नद्यांनी येतो हे तिला नकाशावर दाखवता येईल, माझ्या पुतणीला असं दाखवलेलं उपयोगी पडलं होतं. बोटाने नदी गिरवू द्या. हे मी वाद म्हणून लिहीत नाहीये.

—

परत_इंदूरला | २ सप्टेंबर, रात्री १०.३०

अपडेट, कारण बऱ्याच जणांनी निरोप करून विचारलं.

तर्कट, नकाशा काढला. भावाने प्रिंट आणली मोठी. गोमती नदी त्रिपुरातून कुमिल्ल्याकडे जाते ते तिने निळ्या स्केचपेनने गिरवलं, मग फेनी नदी, मग विचारलं इंदूरची कान्ह नदी तिकडे जाते का. नाही ग, ती क्षिप्रेला मिळते, मग चंबळ, मग यमुना, असं करत करत आम्ही गंगेपर्यंत आलो आणि गंगा शेवटी जाते बांगलादेशातच. ती माझ्याकडे बघायला लागली. भाऊ पण. मग मीच म्हणलं, जाते, पण एक वाटी पाण्याने काही होत नाही. त्यावर हसली. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा नीट हसली.

मैत्रिणीच्या आईशी बोलणं झालं, आजी चितगावला मामाकडे आहे, ठीक आहे. चिमीने स्वतः विचारलं आजीला पोहता येतं का. येतं म्हणे.

पप्पांनी काल कॉलवर सांगितलं की दिवाळीला येणार पण परत जावं लागेल. ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून खोटं नाही बोललो. ऐकून गप्प बसली, मग म्हणाली मग तुम्ही रोज सात वाजता. ते हो म्हणाले. आज सातला दोन मिनिटं होती तेव्हापासून फोन हातात घेऊन बसली होती, आला सात पाचला, पाच मिनिटं उशीर म्हणून बापाला झापलं.

देवाचं असं ठरलंय. दिवसा बाळकृष्ण देवघरात, कारण सासूबाईंचा आहे आणि गणपती यायचेत. रात्री झोपताना ती त्याला वाटीत ठेवते, पाणी तळाला अगदी थोडं, पाय भिजतील एवढंच, सकाळी काढून पुसून परत. सासूबाई म्हणाल्या हे कुठल्याच शास्त्रात नाही, पण निदान नाकातोंडात पाणी जात नाही बिचाऱ्याच्या. खजराण्याला जाऊन आलो, पण साथिया काढला नाही तिने, म्हणाली उलटा काढला आणि विसरले तर. कंठी मागितली, ती घेऊन आलो. झोपताना शुभंकरोती, मग दुआ. काल रात्री एकदाच उठली.

आता एक फालतू प्रश्न. महिनाभर पाण्यात राहून बाळकृष्ण पाठीवर आणि गुडघ्याच्या वाटीत हिरवा पडलाय. पितांबरीने घासला तरी कोपऱ्यांतलं जात नाही. ब्रश मारला तर नाक झिजेल अशी भीती वाटते, आधीच जुना आहे. गणपतीच्या आधी स्वच्छ करायचाय.

—

मालू_आत्या | ३ सप्टेंबर, सकाळी ६.०५

चिंच. जुनी, काळी पडलेली. कोमट पाण्यात भिजव, चिमूटभर मीठ, लगदा करून हिरव्या जागी लावून दहा मिनिटं ठेव, मग बोटाने चोळ, ब्रश नको. कोपऱ्यांत चिंचोक्याचं सालपट काढून त्याचं टोक वापर. लगेच धुऊन कोरडा पूस, नाहीतर परत हिरवा. आणि तू करू नकोस, तिला करू दे. तिची बोटं बारीक आहेत.